एकाच छातीचे दोन सीटी कशाला?

नौपाड्याची_सई | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. एरवी मी पाककृती आणि ठाण्यातल्या मिसळीच्या धाग्यांवर वाचनमात्र असते. आज आईसाठी लिहितेय.

आई ६१ वर्षांची. नऊ वर्षांपासून स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव ताठ करत जाणारा आजार) आहे. सुरुवात बोटांपासून झाली. फ्रीजमधून कोथिंबिरीचा डबा काढला तरी बोटं आधी पांढरी, मग निळी पडायची. पुढे हातांची कातडी ताठ झाली, बांगड्या चढेनात. तरी औषधांवर बरं चाललं होतं. रोज संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारायची. गेल्या दिवाळीपासून एकही पुरी होत नाही, गडकरीजवळच्या बाकावर बसून राहते. ठाणे स्टेशनच्या पुलाचं तर नावच काढत नाही.

डॉक्टरांनी एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी) सांगितला, केला. रिपोर्टात दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी 'सौम्य ग्राउंड ग्लास', आणि अगदी शेवटच्या ओळीत 'मेन पल्मनरी आर्टरी ३३ मिमी'. सौम्य म्हटल्यावर मला वाटलं सुटलो. तर त्यांनी पीएफटी (श्वासाची चाचणी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावलं, आणि आता तीन आठवड्यांतच दुसरा सीटी सांगितलाय, पल्मनरी अँजिओग्राफी, म्हणजे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा. बाबा भडकलेत. "छाती तीच, मशीन तेच, पैसे मात्र दुसऱ्यांदा!" मलाही उत्तर सुचलं नाही.

त्यात शेजारच्या काकू रोज विचारतात, "स्कोअर किती आला?" कोविडपासून सीटी म्हटलं की पंचविसातले मार्क, असं झालंय.

हा दुसरा सीटी खरंच लागतो का? टाळला तर काय?

---

बटाटावडा | सोमवार, रात्री ११.०५

लागतो की! डॉक्टरांना आणि सेंटरला. तिसऱ्यालाही लागेल बघा.

गंमत सोडा, पण माझ्या सासऱ्यांना गुडघ्यासाठी दोन एमआरआय काढायला लावले होते, दुसरा त्यांच्या 'ओळखीच्या' ठिकाणी. तेव्हापासून माझा विश्वास उडालाय. सरळ दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

---

छायाप्रकाश | मंगळवार, सकाळी ७.१५

मी रेडिओलॉजिस्ट, वाशीत असतो. आधी वडेसाहेबांना: कट प्रॅक्टिस आहे, नाकारत नाही. पण सईताई, तुमच्या आईच्या बाबतीत मला तसं वाटत नाही, कारण या दोन सीटींना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत.

पहिला फुप्फुसाच्या मांसाचा. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाणी शून्य, हवा उणे १०००. (हे मोजमाप हाउन्सफील्डच्या नावाने ओळखलं जातं. सीटीबद्दल त्याला आणि कॉर्मकला १९७९ चं नोबेल मिळालं.) फुप्फुस म्हणजे बहुतेक हवाच, त्यामुळे चित्रात ते काळं. त्या काळ्यावर बारीकशी जाळी, घासलेल्या काचेसारखा धूसरपणा किंवा मधाच्या पोळ्यासारखी भोकं लगेच उठून दिसतात. डाय (रक्त उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) लागतच नाही. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे काप घेतले की काम होतं. एचआरसीटी म्हणजे हेच. स्क्लेरोडर्मात बहुधा तळाशी धूसरपणा आणि बारीक जाळी दिसते, संधिवातात मधाच्या पोळ्याचा नमुना त्या मानाने जास्त आढळतो.

दुसरा प्रश्न रक्तवाहिन्यांचा. इथे गोची अशी की रक्त, रक्ताची गुठळी आणि वाहिनीची भिंत या तिघांचे आकडे साध्या सीटीत जवळजवळ सारखेच येतात. सगळं करडं. नळी किती रुंद आहे ते मोजता येतं, आत काय आहे ते कळत नाही. डाय दिला की वाहतं रक्त पांढरंशुभ्र होतं आणि गुठळी काळी राहते. तेव्हा कुठे दिसते.

आता तुमची शेवटची ओळ. फुप्फुसाची मुख्य धमनी साधारण २९ मिमीपेक्षा रुंद झाली, शेजारच्या महाधमनीपेक्षा जाड दिसायला लागली, की फुप्फुसातल्या रक्ताचा दाब वाढलाय का अशी शंका येते. खात्री नव्हे, शंका. म्हणजे पहिल्या सीटीनेच दुसऱ्याचा प्रश्न काढून दिलाय.

पीएफटीत डीएलसीओ नावाचा आकडा असेल, तो काय आहे?

काकूंना सांगा, तो स्कोअर कोविडपुरता होता. फुप्फुसाच्या पाच पाळ्या, प्रत्येकीला पाचातले मार्क. इथे त्याचा उपयोग नाही.

---

नौपाड्याची_सई | मंगळवार, सकाळी ९.३०

ट्रेनमधून टाइप करतेय. रिपोर्टाचा फोटो मोबाइलमध्ये होता म्हणून बरं. एफव्हीसी ७८ टक्के, डीएलसीओ ४१ टक्के. इकोत 'आरव्हीएसपी ५८'.

आणखी दोन शंका. रेडिएशन किती? आणि डायने किडनी जाते असं बाबांच्या कट्ट्यावर कोणीतरी सांगितलंय.

---

छायाप्रकाश | मंगळवार, दुपारी १.५०

बघा, इथेच सगळं आहे. एफव्हीसी म्हणजे छातीत हवा किती मावते. ७८ म्हणजे फार बिघडलेलं नाही. डीएलसीओ म्हणजे त्या हवेतला वायू रक्तात किती उतरतो. तो निम्म्याहून खाली. हवा आत येतेय पण रक्तात पोचत नाही, आणि फुप्फुस तर सौम्यच खराब आहे. मग उरतात रक्तवाहिन्या. दम जेवढा लागतोय तेवढा पहिल्या सीटीतल्या चित्राने लागायला नको, हे तुमच्या डॉक्टरांनी पकडलं. चांगले डॉक्टर आहेत, सोडू नका.

त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असणार. एक, वाहिन्यांत गुठळ्या अडकल्यात का. दोन, गुठळ्या नसतील तर रोगानेच बारीक धमन्या जाड आणि अरुंद केल्यात का. दोन्हींचे उपचार अगदी निराळे. मात्र सीटीत गुठळी दिसली नाही तरी खूप जुन्या, बारीक गुठळ्या निसटू शकतात, म्हणून ते व्हीक्यू स्कॅनही (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे कुठे पोचतं ते दाखवणारा) सांगतील. सांगितला तर पुन्हा भडकू नका! आणि दाबाचा पक्का आकडा शेवटी शिरेतून हृदयापर्यंत कॅथेटर (बारीक नळी) घालूनच मिळतो. इकोतला आरव्हीएसपी, म्हणजे उजव्या हृदयातला दाब, हा अंदाज असतो.

रेडिएशन: छातीच्या एका साध्या एक्सरेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट, छातीच्या सीटीला सहा-सात. नुसतं पृथ्वीवर राहिलं म्हणून जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतं ते वेगळं. एकसष्टाव्या वर्षी, नेमक्या कारणासाठी, हे चालण्यासारखं आहे. उगाच दर तीन महिन्यांनी 'बघूया तरी' म्हणून काढणं चुकीचं.

किडनी: आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात. स्क्लेरोडर्मात किडनीही दुखावू शकते, त्यामुळे ताजा रिपोर्ट न्याच. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. आधी कधी डायची ॲलर्जी झाली असेल तर तेही.

---

सीटीवाला_दादा | मंगळवार, रात्री ९.२०

मी टेक्निशियन. डॉक्टरसाहेबांनी थिअरी सांगितली, मी टेबलावरचं सांगतो.

अँजिओला सुई मोठी लागते आणि ती कोपराच्या वळणात लावतो, कारण डाय सेकंदाला चार-पाच मिली वेगाने जातो. काकूंच्या हाताची कातडी ताठ आहे म्हणालात, तर ते आधीच सांगा. आम्ही गरम पाण्याची पिशवी देऊन नस फुगवतो. सुई बाजूला सरकली आणि डाय कातडीखाली गेला तर अशा हाताला फार त्रास होतो.

डाय गेला की सगळं अंग एकदम गरम होतं, तोंडात लोखंडासारखी चव येते आणि लघवी झाली असं वाटतं. झालेली नसते! नव्वद टक्के बायका लाजून गप्प बसतात आणि घाबरून श्वास सोडतात. श्वास सोडला की चित्र हललं, परत करा. (नव्वद टक्के हा माझा अंदाज हो, अभ्यास नाही.)

एचआरसीटीला कधीकधी पालथं झोपवून पुन्हा काप घेतो. लोकांना वाटतं पहिल्यांदा चुकलं. उताणं झोपल्यावर फुप्फुसाचा पाठीकडचा भाग स्वतःच्या वजनानेच दबतो आणि धूसर दिसतो. पालथं केल्यावर तो गेला तर काही नाही, राहिला तर रोग.

आणि हात जोडून विनंती, जुनी सीडी आणा. फिल्म नको, रिपोर्टाची झेरॉक्स नको, सीडी.

---

मीनल_ऐरोली | बुधवार, सकाळी १०.१०

माझंही लिहिते, कारण माझ्याकडे उलटं झालं.

सत्तावीस वर्षांची होते. रोज ऐरोली–ठाणे ट्रान्सहार्बर. डाव्या हाताने वरची कडी धरली की काही मिनिटांत हात भरून यायचा, मेल्यासारखा व्हायचा. उजव्याने धरली तर काही नाही. मी पर्सला दोष दिला, मग उशीला, मग नव्या खुर्चीला. सोबत बारीक ताप, वजन उतरलेलं, छातीत दुखायचं. एका ठिकाणी साधा एचआरसीटी काढला. 'नॉर्मल'. मग आईने 'नॉर्मल आलाय ना, मग नखरे कशाला' चालू केलं.

सापडलं कसं, तर ऑफिसच्या तपासणी शिबिरात. नर्सने डाव्या हाताला पट्टा बांधला, ८४. तिने मशीनला चापट मारली. परत ८४. उजव्याला बांधला तर १५२. ती म्हणाली मशीन बिघडलंय, दुसरं आणलं. दुसरंही बिघडलेलंच निघालं!

ताकायासू आर्टरायटिस. महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंतींना सूज येते, त्या जाड होतात आणि नळी आतून बुजत जाते. बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो. १९०८ साली ताकायासू नावाच्या जपानी डोळ्याच्या डॉक्टरने एका तरुण मुलीच्या डोळ्यातल्या विचित्र रक्तवाहिन्या बघून पहिल्यांदा मांडला, म्हणून ते नाव. भारतात बऱ्याच जणांना तो पोटातल्या महाधमनीत आणि किडनीच्या धमन्यांत होतो आणि नुसतं बीपी वाढलेलं दिसतं. काहींना फुप्फुसाच्या धमनीतही.

माझा एचआरसीटी खोटा नव्हता. माझी फुप्फुसं खरंच नॉर्मल होती. त्या फॉर्मवर कारण म्हणून 'ताप, खोकला' लिहिलं होतं, त्याचं उत्तर त्याने दिलं. पुढे एमआर अँजिओ (एमआरआयवर रक्तवाहिन्यांचं चित्र) केला तेव्हा डाव्या हाताकडे जाणारी धमनी पेन्सिलच्या टोकासारखी निमुळती दिसली.

पेट स्कॅनही झाला. सूज असलेल्या भिंती साखर जास्त ओढतात म्हणून चमकतात. त्यासाठी सहा तास उपाशी राहावं लागतं. आणि स्टेरॉइड सुरू होऊन काही दिवस गेले की चमक विझते, सूज पुरती गेलेली नसली तरी. त्यामुळे पेट करायचाच असेल तर तो आधी उरकतात.

आता सात वर्षं झाली. कडी उजव्याच हाताने धरते.

---

जुना_ठाणेकर | बुधवार, दुपारी १२.३५

सई, बाळा, घरात कबुतरं आहेत का? आमच्या काळी ठाण्यात चिमण्या होत्या आणि येऊरवरून येणारा वारा. आता घोडबंदरला वीस-वीस मजल्यांच्या इमारती आणि प्रत्येक एसीच्या मागे कबुतरांचं प्रसूतिगृह. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई रोज गच्चीत ज्वारी टाकतात. मी सोसायटीला तीन पत्रं दिली. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं खराब होतात हे पेपरात वाचलंय.

---

छायाप्रकाश | बुधवार, दुपारी ३.००

काका, तुमचा मुद्दा अगदीच अवांतर नाही. पक्ष्यांची पिसं आणि विष्ठा यांमुळे होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (ॲलर्जीसारखी फुप्फुसाची सूज) हा खरा आजार आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएलडीच्या (फुप्फुसाच्या मांसाला सूज येणाऱ्या किंवा वण पडणाऱ्या आजारांच्या) भारतीय नोंदींत १९ शहरांतले १०८४ रुग्ण होते, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे या एका आजाराचे. एअर कूलरचा संबंधही बराच आढळला.

पण त्याचं चित्र निराळं दिसतं. फुप्फुस ठिगळं लावलेल्या गोधडीसारखं होतं: काही तुकडे धूसर, काही बरे, काही जास्तच काळे. ते काळे तुकडे म्हणजे अडकून पडलेली हवा. म्हणून श्वास पूर्ण सोडायला लावूनही काप घेतात. चांगला भाग तेव्हा पांढुरका होतो, अडकलेला काळाच राहतो. सईच्या आईच्या रिपोर्टात तसं काही दिसत नाही. कबुतरांना घालवा मात्र, त्यांची बाजू मी घेणार नाही.

---

जुना_ठाणेकर | बुधवार, दुपारी ३.२०

हा प्रतिसाद छापून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावू का?

---

खाडीपलीकडचा | बुधवार, रात्री १०.५५

कळव्याहून. माझ्या मोठ्या भावाची गोष्ट.

नाकात सारखी खपली, रक्त, सायनस. दोन वर्षं नाकाचे थेंब. मग खोकल्यातून रक्त. एक्सरेत गोळे, त्यातल्या एकात पोकळी. आपल्याकडे फुप्फुसात पोकळी म्हणजे टीबी, पुढे कोणी विचारच करत नाही. थुंकीत काही सापडलं नाही, जीनएक्सपर्टही (टीबीची जलद चाचणी) निगेटिव्ह, तरी 'सुरू तर करू' म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू. तीन महिन्यांत गोळे वाढले. तेव्हा सांगितलं, औषधाला दाद न देणारा टीबी असेल, आणखी जड औषधं देऊ.

त्याचं नशीब एवढंच की दुसऱ्याच कामासाठी लघवी तपासली आणि त्यात रक्त आणि प्रथिनं निघाली. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नाक, फुप्फुस, लघवी हे तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि सीटी पुन्हा उघडून बघितला. टीबीला वरचा भाग आवडतो. याचे गोळे वरखाली कुठेही, दोन्ही बाजूंना, काही थेट रक्तवाहिनीच्या टोकाशी. एएनसीए नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, मग बायोप्सी. जीपीए निघाला. पूर्वी याला वेगनर म्हणायचे, २०११ ला नाव बदललं. छोट्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर शरीरच हल्ला करतं.

रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि स्टेरॉइडवर गोळे विरघळले. किडनी थोडी गेली ती गेली. ते तीन महिने परत मिळाले असते तर, हा विचार मी मुद्दाम करत नाही.

डॉक्टरसाहेब, एएनसीए आली म्हणजे टीबी नाही, असं धरायचं का?

---

छायाप्रकाश | गुरुवार, सकाळी ७.०५

नाही. टीबीतही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते. आणि टीबी असताना रिटुक्सिमॅब दिलं तर तो भडकतो. म्हणून बायोप्सी. दोन्हीकडून चूक होऊ शकते, आणि आपल्या देशात टीबी आधी मनात येतो यात डॉक्टरची चूक नाही. तीन महिन्यांनी गोळे वाढल्यावरही तोच मनात धरून बसणं ही चूक.

लोकांना वाटतं आम्ही अंधाऱ्या खोलीत बसून चित्र वाचतो आणि निदान बाहेर पडतं. मला फॉर्मवर 'खोकला' एवढंच आलं तर मी खोकल्याचंच वाचणार. 'नाकातून रक्त, लघवीत रक्त' असं लिहून आलं तर त्याच चित्रात मी वेगळ्या गोष्टी शोधतो. मीनलचा एमआर बघणाऱ्याला 'दोन हातांच्या बीपीत फरक' हे माहीत असणार. डायवाल्या सीटीतसुद्धा वेळ पाळावी लागते. डाय हाताच्या शिरेतून उजव्या हृदयात, तिथून फुप्फुसाच्या धमनीत, मग डाव्या हृदयातून महाधमनीत, हा सगळा प्रवास काही सेकंदांचा. फुप्फुसाच्या धमनीसाठी बटण दाबलं तर महाधमनी नीट भरलेली नसते. कुठली वाहिनी बघायची ते आधी ठरलेलं लागतं.

तेव्हा फॉर्मवर आजाराचं नाव, किती वर्षं, कुठली औषधं आणि नेमकी शंका, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

---

बटाटावडा | गुरुवार, दुपारी २.१५

चला, दुसरा सीटी मान्य. तरी एक. मीनलताईंना एमआर चालला तर काकूंना का नाही? रेडिएशनही वाचेल. आणि दर कोण बांधणार? सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे दर बांधले होते, मशीननुसार २०००, २५०० आणि ३०००. तेव्हा सेंटरं बंद पडली नाहीत.

---

छायाप्रकाश | गुरुवार, रात्री ८.४०

दरांबाबत मी तुमच्या बाजूने, पण ते बोलून माझीच पंचाईत. एमआर: ताकायासूसारख्या मोठ्या वाहिन्यांच्या आजारात तरुण मुलीला वर्षानुवर्षं तपासण्या लागतात, तिथे तोच आधी. फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांना सीटी सरस, आणि दम लागणाऱ्या माणसाला एमआरच्या बोगद्यात पुन्हा पुन्हा श्वास रोखून ठेवणं जमत नाही.

---

नौपाड्याची_सई | पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.२०

अपडेट द्यायचा राहिला, माफ करा.

सीटी झाला. दादा, गरम पाण्याची पिशवी मीच घरून नेली, तिथल्या मुलाने दुसऱ्या प्रयत्नात नस पकडली. तुमचं वाक्य मी आईला घोकून घेतलं होतं, "झालेली नसते". टेबलावर ती हसली, आणि हसली म्हणून एकदा परत करावं लागलं!

गुठळी नाही. मग व्हीक्यू स्कॅन (बाबा भडकले नाहीत, फक्त सुस्कारा सोडला), तोही ठीक. शेवटी मानेतल्या शिरेतून कॅथेटर. सरासरी दाब ३६ निघाला, विसाच्या आत असायला हवा. डाव्या हृदयाचा दोष नाही. म्हणजे धमन्यांचाच आजार. दोन गोळ्या सुरू झाल्यात, त्यातली एक सिल्डेनाफिल.

ती गोळी आणायला बाबा गेले. केमिस्टने चिठ्ठी बघितली, बाबांकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठी बघितली. बाबा म्हणाले, "बायकोसाठी आहे." त्याने मग काहीच विचारलं नाही. बाबांना घरी येऊन मी समजावल्यावर कळलं की ते औषध व्हायाग्रा म्हणूनही प्रसिद्ध आहे. आता त्यांनी दुकान बदललंय.

---

सीटीवाला_दादा | रविवार, दुपारी १२.०५

😂😂 केमिस्टला सांगा, २००५ पासून फुप्फुसाच्या दाबासाठीही मान्यता आहे. तीन सीडी झाल्या ना? कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात बुरशी धरते.

---

नौपाड्याची_सई | रविवार, दुपारी १२.१०

बाबांनी कपाटात ठेवल्यात, सोन्याच्या पावत्यांशेजारी.

---

पामबीच_पांथस्थ | रविवार, सायंकाळी ६.३०

नमस्कार, मी नवीन आहे. माझ्या वडिलांना पंधरा वर्षं संधिवात आहे, परवा एचआरसीटी काढला. रिपोर्टाचा फोटो खाली टाकलाय. छायाप्रकाश सर, प्लीज बघा.

---

छायाप्रकाश | रविवार, सायंकाळी ६.४५

आधी तो फोटो काढा, वडिलांचं नाव, वय आणि फोन नंबर सगळं दिसतंय. मग वेगळा धागा उघडा आणि लिहा: दम कधीपासून, पीएफटी झाली का, मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं औषध) किती वर्षं, आणि आधीचा एखादा सीटी आहे का.

---

पामबीच_पांथस्थ | रविवार, सायंकाळी ६.५२

सॉरी सर, काढला. आधीचा सीटी कोविडमध्ये झाला होता. सीडी सापडते का बघतो.